पद्मिनीचा गंजका पत्रा जोडायला घेतलेलं बिनगॅसचं मिग वेल्डिंग मशीन, ८ महिने वापरून

साडेतीन स्टार. एक स्टार कापलाय तो मॅन्युअलपायी आणि अर्धा पत्र्याला चिमट्यानं लावायच्या अर्थिंगच्या केबलपायी, बाकी मशीनवर माझा राग नाही. उलट ते नसतं तर आमची गाडी आत्तापर्यंत भंगारात किलोवर गेली असती.

गाडी कुठली ते आधी सांगतो म्हणजे हे सगळं कुणाच्या उपयोगाचं ते कळेल. १९९१ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी, स्टिअरिंगजवळचा गिअर, पप्पांनी नवी घेतलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर आणि गाडी खाली पार्किंगमध्ये, सीट बुडून वर पाणी, आणि चार-पाच दिवस ती तशीच. पाणी उतरल्यावर आम्ही काय केलं तर वरून पाइप मारून धुतली, सीटा गच्चीवर वाळवल्या, इंजिनातलं तेल बदललं आणि ताडपत्री टाकून ठेवली, बघू सावकाश म्हणून. तिथंच चुकलं. वरचा चिखल गेला पण दाराखालच्या पोकळ सिलमध्ये गाळ गेलेला तो तसाच आत बसून राहिला आणि दर पावसाळ्यात ओल धरत राहिला. २०२१ च्या जुलैत परत पाणी, त्या वेळी फक्त टायर बुडाले, पण व्हायचं ते नुकसान झालंच.

मागच्या दिवाळीत ताडपत्री काढली, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालची फरशी दिसली. म्हणजे पार्किंगची फरशी, गाडीतून. दोन्ही सिल बोटानं दाबले तर बिस्किटासारखे तुटत होते, डिकीत स्टेपनीखाली चाळण, आणि मागचे सस्पेंशनचे पाटे जिथं बॉडीला अडकतात तिथला पत्रा पापुद्रे सुटलेला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. त्यामुळं सिल गेला म्हणजे नुसती शोभा गेली असं नाही, गाडीचा कणाच गेला. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारून चालवणारे आहेत, विकणारे तर लई आहेत, पण तसल्या गाडीत मी पोरांना बसवणार नाही.

गॅरेजवाल्यांचे आकडे काय आले ते विचारू नका. एकानं तर गाडी बघितलीच नाही, फोटो बघून म्हणाला साहेब सेंटिमेंट बाजूला ठेवा. आमच्या ओळखीचे डेंटर चाचा आहेत, गॅस वेल्डिंगचा हात असा की जोड शोधून सापडायचा नाही, पण त्यांचे गुडघे गेलेत, गाडीखाली आडवं पडून काम होत नाही. ते म्हणाले, "तू मशीन आण, मी खुर्ची टाकून बसतो, चुकलास की शिव्या घालतो." असा करार झाला.

मशीन निवडताना गोंधळ झाला तो सांगतो. साधं आर्क मशीन दोस्ताकडं होतं, फुकटात मिळत होतं, पण रॉडनं गेट-ग्रिल जोडणं वेगळं आणि ०.९ एमएमचा पत्रा जोडणं वेगळं, रॉड टेकवला की भोक. मिगमध्ये रॉडऐवजी रिळावरची बारीक तार हातातल्या दांड्यातून, म्हणजे टॉर्चमधून, सतत येत राहते. पण गॅसवालं मिग म्हणजे सिलिंडर आला, डिपॉझिट आलं, तो भरून आणणं आलं, शिवाय आमचं पार्किंग तिन्ही बाजूंनी उघडं, वारा सुटला की आर्कभोवतीचा गॅस उडून जातो आणि जोडात हवा शिरून जाळी पडते. म्हणून बिनगॅसचं घेतलं. ह्यात तार आतून पोकळ असते, पोटात फ्लक्सची पावडर भरलेली, ती जळून स्वतःचा धूर करते आणि तोच धूर जोडाला झाकतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्या रेंजमधली चार-पाच मशीनं बघितली तर खोकं आणि रंग सोडला तर सगळी एकाच साच्यातली वाटतात. ऑनलाइन १३ हजार ८०० ला पडलं. तीन कामं करतं म्हणून लिहिलंय, मी फक्त मिगच वापरलं.

खोक्यावर मोठ्ठं २०० अँपिअर लिहिलंय. त्याला भुलू नका. सरळ हिशेब आहे, २०० अँपिअरला आर्कचं व्होल्टेज साधारण २४ धरलं तर ४८०० वॅट झाले, आणि घरातला १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला देऊन देऊन देणार ३६८० वॅट, मशीनमधला लॉस तर अजून धरलाच नाही. म्हणजे घरच्या प्लगवर ते २०० कधी दिसायचे नाहीत, एमसीबी आधी पडेल. पण मजा अशी की गाडीच्या पत्र्याला लागतात जेमतेम ४० ते ५० अँपिअर. त्यामुळं मला फरक पडला नाही, फक्त खोक्यावरचा आकडा बघून दोन हजार जास्त मोजू नका. संध्याकाळी सगळ्यांच्या गिझर-मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि तार पत्र्याला नुसती टोचत बसते, म्हणून मी सकाळी ७ ते १० असंच काम केलं, शेजारच्या काकूंनी ग्राइंडरवरून दोनदा सुनावलं ते वेगळं.

पहिले दोन आठवडे निव्वळ वाया. टुकड्यांवर प्रॅक्टिस करत होतो, जोड म्हणजे चिमणीची विष्ठा पडावी तसा, वर गोळे, आत काही नाही, हातानं वाकवला की सुटा. स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब, एवढा उडायचा की चप्पल घालून केलेल्या पहिल्या दिवशी पायावर तीन डाग पडले, ते अजून आहेत. कस्टमर केअरला फोन लावला, पोरगी एकदम गोड बोलली, सर अँपिअर कमी करा. कमी केलं. परत फोन, सर अँपिअर वाढवा. वाढवलं, पत्र्याला रुपयाएवढं भोक. तिसऱ्यांदा फोन केला तर सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे, मशीन स्वखर्चानं पाठवा म्हणाले.

उद्यमनगरात पत्रा आणायला गेलो होतो तिथं एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पोराला मोबाईलवर जोडाचा फोटो दाखवला. वीस-एकवीसचा असेल, त्यानं फोटो मोठा पण केला नाही. "दादा, तुमचा टॉर्च प्लसला हाय." एवढंच. घरी येऊन मशीनचं बाजूचं दार उघडलं तर आत दोन बोल्ट, प्लस आणि मायनस, आणि टॉर्च खरंच प्लसला. गॅस आणि भरीव तार वापरायची तर तसंच पाहिजे, पण बिनगॅसच्या तारेला टॉर्च मायनसला आणि अर्थिंग प्लसला लागतं. मशीन विकतात बिनगॅसचं म्हणून, सोबत रीळ देतात बिनगॅसच्या तारेचं, आणि जोडणी कारखान्यातून येते गॅसवाली! मॅन्युअलमध्ये ही गोष्ट आहे, नाही असं नाही, १४ व्या पानावर एका टेबलच्या खाली, असल्या इंग्रजीत की मलाच तीनदा वाचायला लागलं. एक स्टार तिथं गेला. दोन बोल्ट बदलले आणि पाच मिनिटांत तेच मशीन, तोच हात, तीच तार, आणि जोड बऱ्यापैकी माणसात आला. चाचा पहिल्यांदा काही न बोलता चहा प्यायले.

दुसरी गोष्ट रोलरची. आत तार ढकलणारा छोटा रोलर असतो, त्याला दोन खाचा, एक गुळगुळीत आणि एक दातेरी. पोकळ तारेला दातेरी बाजू लागते. मी गुळगुळीत ठेवून तार घसरते म्हणून वरचा स्क्रू आवळत गेलो, आवळत गेलो, तर तार चपटी झाली, टॉर्चच्या केबलमध्ये अडकली आणि मशीनच्या पोटात तारेचा असा गुंता झाला की आजीची लोकर मांजरानं खेळावी तसा. रोलर उलटा करून बसवला, स्क्रू ढिला केला, तेव्हापासून एकदाही अडकली नाही.

आता खरं काम. इथं मशीनचा वाटा किती ते सांगायला पाहिजे, कारण लोक मशीन घेतात आणि वाटतं गाडी झालीच. माझे ८ महिने गेले, म्हणजे शनिवार-रविवार धरून, त्यात प्रत्यक्ष ट्रिगर दाबून धरल्याचा वेळ मोजला तर चार-पाच तासांच्या वर भरणार नाही. बाकी सगळं ग्राइंडर, वायर ब्रश, कापणं, पुठ्ठ्याचं माप, हातोडी, आणि परत ग्राइंडर.

सिल कापायच्या आधी चाचांनी दार काढून दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा-तिरका जोडायला लावला. मला वाटलं उगाच टाइमपास. पण सिल कापला की गाडी मधून कणभर वाकते, आणि मग नवा सिल त्याच वाकलेल्या मापाला जोडला की जन्मभर दार लागत नाही. गाडी जॅकवर मधेच उचलून धरायची नाही, वजन चाकांच्या जागीच पाहिजे, आणि एका वेळी एकच बाजू. बॅटरीची दोन्ही टोकं काढायची, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढून लांब नेऊन ठेवायची, रिकामी असली तरी, रिकामी टाकी तर जास्त वाईट, आत वाफ असते. बादलीभर पाणी आणि एक फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. काचांवर ओली पोती टाकायची, नाहीतर ठिणग्या काचेत रुततात. माझ्या मागच्या काचेला सात-आठ ठिपके पडलेत आणि ते निघत नाहीत.

डावा सिल कापला तेव्हा आतून दोन घमेली गाळ निघाला. वाळून ढेकळं झालेला, पंचगंगेचा, २०१९ चा, त्यात एक शेंगदाण्याचं टरफल पण. पप्पा बघत उभे होते, म्हणाले, "एवढी वर्षं आपण ह्यावर बसून फिरायचा विचार करत होतो."

पत्रा उद्यमनगरातून किलोवर आणला, २० गेजचा सीआरसीए (साधा, जस्त न लावलेला पत्रा), म्हणजे साधारण ०.९ एमएम. दुकानदार जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, घ्या म्हणत होता, गंजणार नाही म्हणून. घेऊ नका, वेल्डिंगला बसलात की त्यावरचा जस्ताचा थर जळून पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी माप बसवायचं, मग तो पत्र्यावर ठेवून आखायचं. बायकोच्या कपाटातली सगळी रिकामी खोकी संपली.

आणि जोडायची पद्धत. सलग रेघ ओढायचीच नाही. एक टिपका, मग वीतभर लांब दुसरा टिपका, मग परत मधे, असं करत पत्रा गार होऊ द्यायचा. मला घाई, मी पहिल्या तुकड्यावर सलग चार इंच ओढलं, तर पत्रा पापडासारखा फुगला आणि तो ठोकून सरळ करण्यात एक रविवार गेला. तार टॉर्चच्या टोकातून अर्धा-पाऊण इंच बाहेर ठेवायची, गॅसवाल्यापेक्षा जास्त, आणि टॉर्च ओढत न्यायचा, ढकलत नाही. भोक पडायची भीती असेल तिथं मागून तांब्याची पट्टी लावून धरायची, तांबं चिकटत नाही आणि उष्णता खाऊन टाकतं. मशीनच्या ऑटो सेटिंगवर विसंबू नका, ०.८ एमएम तार निवडली की ते व्होल्टेज स्वतः ठरवतं आणि पातळ पत्र्याला ते जास्तच होतं. मॅन्युअल सेटिंगवर टाकून सगळ्यात कमी व्होल्टेजपासून सुरू करा आणि तारेचा स्पीड कानानं जुळवा, भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज आला पाहिजे, फट-फट-फट आला तर तार जास्त होतेय.

पण ह्यातलं काहीही चालतं ते फक्त चकचकीत पत्र्यावर. बिनगॅसची तार थोडा गंज सहन करते असं सगळे सांगतात, आणि जाड अँगलवर करतही असेल, पण गाडीच्या जुन्या पत्र्यात गंज म्हणजे तिथं धातूच उरलेला नसतो, आर्क लागला की कागदासारखा मागं मागं जळत जातो. गंजाच्या कडेपासून दोन बोटं आत, जिथं ठोकल्यावर टणक आवाज येतो, तिथपर्यंत कापायचं. मी चार ठिकाणी कंजूषी केली आणि चारही ठिकाणी परत कापायला लागलं. ग्राइंडरवर वायरचा कप ब्रश लावलात तर फेस शिल्ड घालाच, नुसता गॉगल नाही, तारांचे तुकडे सुटतात आणि बाणासारखे येतात. माझ्या शर्टातून एक काढलाय.

मशीनसोबत जे सामान येतं त्याबद्दल. हातात धरायची प्लॅस्टिकची ढाल येते, ती पोरांना खेळायला द्या. मी पहिल्या आठवड्यात तीच वापरली, एक हात ढाल धरण्यात जातो, मग टिपका मारताना आधीच उजेड डोळ्यात जातो. रात्री दोनला डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं, आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी थेंब दिले आणि वर बोलणी. दुसऱ्या दिवशी १४०० रुपयांचं आपोआप काळं होणारं हेल्मेट आणलं. हे मशीनच्या किमतीतच धरा. चामड्याचे ग्लोव्हज, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सिंथेटिक काही नाही.

अर्थिंगचा चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा बरा. आणि केबल १५-२० मिनिटांत कोमट नाही, गरम. एका टोकाला सोलून बघितली तर आत तांबूस दिसणारी तार खरवडल्यावर पांढरी, म्हणजे वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. नवी तांब्याची केबल आणि पितळी चिमटा लावला, आर्क लगेच स्थिर झाला. टॉर्चची केबल २ मीटर, ती बदलता येत नाही, मशीनमध्येच पक्की आहे, त्यामुळं गाडीखाली काम करताना मशीन पण सोबत सरपटत न्यायला लागतं. गाडीखाली आडवं पडून वर वेल्डिंग करताना कॉलरमध्ये ठिणगी गेली की काय होतं ते मी सांगत नाही, शेजारच्या काकूंना विचारा, त्यांनी माझी भाषा ऐकलीय.

तार. सोबत आलेलं रीळ प्रॅक्टिसलाच संपलं. नंतर ई७१टी-जीएस (बिनगॅसच्या तारेचा एक प्रकार) लिहिलेली ०.८ ची घेतली, एक किलोची चार रिळं लागली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात रीळ मशीनमध्ये तसंच ठेवलं तर आठवड्यात तांबूस होतं आणि जोडाला बारीक भोकं पडायला लागतात. काम झालं की काढून हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आमच्याकडं ते रीळ तांदळाच्या जुन्या डब्यात असतं, आईनं एकदा तांदूळ समजून उघडलेला.

जोडून झाल्यावरचं थोडक्यात. जोडावरची काळी खपली ठोकून ब्रशनं पूर्ण काढायची, तिच्यावर रंग धरत नाही. मग ग्राइंड, मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, खालून अंडरकोट, सिलच्या पोकळीत नळी घालून वॅक्स, आणि खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची. रस्ट कन्व्हर्टर मी फक्त जिथं हात पोचत नाही आणि पत्रा अजून जाड आहे तिथंच मारला. तो गंजाला काळा करून थांबवतो, गेलेला पत्रा परत आणत नाही. नट-बोल्ट, बिजागऱ्या वगैरे किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर टाकल्या, सकाळी सोड्याच्या पाण्यात धुवून लगेच तेल, ह्या एका गोष्टीत पैसे वसूल झाले.

बिडिंग, हँडल, मागच्या लाइटच्या काचा ह्यासाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला दोन चकरा झाल्या, गाडी बनली पण कुर्ल्यातच म्हणा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तिथले दुकानदार म्हणतात आता माल नवीन येणार कुठून, जे आहे ते जुनं आहे, आणि भाव पण तसेच सांगतात.

तर घ्यावं का. एखादंच भोक बुजवायचं असेल, नुसती डिकी किंवा एक मडगार्ड, तर ह्या भानगडीत पडू नका, तुमच्या गावातला गॅसवाला डेंटर शोधा, तो दोन दिवसांत करेल आणि तुमच्यापेक्षा चांगलं करेल. पण आख्खी गाडी असेल, घाई नसेल आणि पार्किंग स्वतःचं असेल तर घ्या. हेल्मेट, केबल, तार, डिस्क, ग्लोव्हज मिळून माझे मशीनशिवाय आणखी नऊ-साडेनऊ हजार गेले, ते धरून बजेट करा. माझी डावी बाजू, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि पाट्यांच्या जागा झाल्या, त्यातल्या पाट्यांच्या जागा मात्र मी चाचांकडूनच करून घेतल्या, स्टुलावर बसून, गाडी उचलून, कारण तिथं माझ्या हातावर माझाच भरवसा नव्हता. उजवी बाजू पाऊस थांबल्यावर.

मॅन्युअलचा तो एक स्टार मी परत द्यायला तयार आहे, कंपनीनं दाराच्या आतल्या बाजूला दोन रुपयांचं स्टिकर लावलं तर. माझ्या मशीनवर मी मार्करनं लिहून टाकलंय: गॅस नाही तर टॉर्च मायनसला.